मागच्या कडीचे दोन स्क्रू

लेक ओहाऊ
१० फेब्रुवारी १९९१

डुगल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाईट बातमीची शंका आली असेल. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

बाबांची रायफल माझ्याकडे आहे. यंदा मे महिन्यापासून वरच्या दरीतले ताहर, ते रानबोकड, मारायचं सरकारी काम निघतंय. कळप इतके माजलेत की उतारावर गवत सोड, गवताचं मूळही उरलं नाही. ज्यानं त्यानं आपली रायफल आणायची आणि रोज हजार मीटर चढायचं, असं काम आहे. रायफल मी तासून तासून हलकी केली. दस्ता आतून पोखरला, पट्ट्याच्या कड्या बदलल्या. राहिले ते रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणारे माउंट. बाबांनी जुन्या नांगराच्या पोलादातून घडवलेले ते धोंडे तुला आठवत असतील. अडीचशे ग्रॅम तर तेच भरतात, आणि दुर्बीण इतकी उंच बसते की खालून मेंढरू निघून जाईल.

मला हलक्यात हलके आणि बुटक्यात बुटके माउंट हवेत. बाजारातून तीन जोड मागवून पाहिले, एकही बसत नाही. बाबांनी ती भोकं हातानं, डोळ्याच्या अंदाजानं पाडलीत. त्यांचा साचा अख्ख्या दक्षिण बेटात एकाच माणसाकडे आहे. म्हणून हे पत्र.

करून देणार असशील तर कळव. नाही म्हणालास तरी कळव, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही.

विनी

ता. क. तुझ्या गुडघ्याचं काय झालं?

---

गोर
२१ फेब्रुवारी १९९१

प्रिय विनी,

नाताळची कार्डं सोडली तर तीन वर्षांनी पत्र, त्यात गुडघ्याला एक ओळ आणि बाकी सगळं माउंटला! बाबांची लेक शोभतेस. गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना मोठ्यानं बोलतो, उतरताना गप्प असतो.

माउंट करून देईन. साचा माझ्याकडेच आहे, कपाटात वरच्या खणात. पण आधी जरा ऐकून घे. तू 'हलके आणि बुटके' असं एका दमात मागतेस, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हलकं म्हणजे अॅल्युमिनियम. कडी आणि बैठक एकाच तुकड्यातून कोरली की मधले स्क्रूही वाचतात, वजन सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमवर येतं. पण अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात. हात जड असेल तर पिळतानाच उडतात. आणि रायफल हलकी झाली की धक्का वाढतो, हे विसरू नकोस. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ घेतलीस तर पहिल्याच गोळीला भुवई फुटेल.

बुटकं म्हणजे दुर्बिणीचं पुढचं तोंड नळीच्या अगदी अंगावर. त्या दोघांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट तरी लागतेच. नाहीतर नळी तापली की दुर्बिणीला टेकते आणि नेम भलतीकडे जातो. मागे बोल्टची मूठ वर येताना दुर्बिणीवर आपटता कामा नये. ती मूठ बाबांनी भट्टीत वाकवून ठेवलीय, तेव्हा तिथे आपण सुटलो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाल. दस्त्यावर गाल टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध यायला हवा. मान वर करावी लागली किंवा गाल दाबून चेंगरावा लागला, की समज माउंट चुकले. आणि विनी, रागावू नकोस, तुझी मान! शाळेत तुला बगळा म्हणायचे ते उगाच नाही. बुटके माउंट लावलेस तर आठवड्यात तुझी मान धरेल. बाबांचे उंच धोंडे तुलाच तर बरोबर बसायचे.

तरी मापं पाठव. रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, गाल सहज टाकायचा, मग डोळे उघडायचे. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी नळीच्या मागच्या पोलादी भागाच्या पाठीपासून डोळ्याच्या बाहुलीपर्यंत मोजायचं. शिवाय खटक्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी.

दुकान चाललंय. ते प्रकरण झाल्यापासून मी प्रत्येक स्क्रू दोनदा तपासतो. लोक विसरत नाहीत, पण माझ्याशी चांगले वागतात. कर्स्टीचा काही पत्ता नाही. कुणी म्हणतं पर्थला आहे. पोरीनं एका निष्काळजीपणापायी स्वतःचं आयुष्य नासवून घेतलं. जीन असती तर आईच्या मायेनं तिला सांभाळून घेतलं असतं, मला बापाला ते जमलं नाही. असो.

तुझा,
डुगल

---

लेक ओहाऊ
६ मार्च १९९१

डुगल,

मापं खाली लिहिली आहेत.

पाठीपासून बाहुलीपर्यंत: ३३ मिलिमीटर.
खटक्यापासून टोकापर्यंत: ३२८.

तीन-तीनदा मोजली. माझ्या मानेची काळजी करू नकोस. सत्तावन्न वर्षांत ती बरीच आखडली आहे. तू बघितलेली मान वेगळी होती.

वजनाचं म्हणशील तर मला प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा आहे. वर झोपडीत पाच-पाच दिवस राहायचं, पाठीवर तंबू, पीठ, चहा, बटाटे, वर गोळ्या. पण हलकं करता करता कच्चं करू नकोस. बर्फात घसरून रायफल खडकावर आपटली तरी दुर्बीण जागची हलता कामा नये. दोन्हींत जमत नसेल तर वीस ग्रॅम जास्त चालतील.

कर्स्टीबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

विनी

---

गोर
१५ मार्च १९९१

विनी,

तू मला काय समजतेस?

३२८ लांबीचा दस्ता मी आयुष्यात एकदाच कापला. कर्स्टी सोळा वर्षांची होती तेव्हा. अक्रोडाचं लाकूड होतं, आणि ती पाच मिनिटांनी येऊन विचारायची, "झालं का बाबा?" तुझे हात माझ्याहून लांब आहेत. ३२८ चा दस्ता तू खांद्याला लावलास तर तुझा अंगठा नाकात जाईल. आणि ३३ मिलिमीटर! ती जीनची मान, जीनच्या गालाचं हाड. मी डोळे मिटूनसुद्धा ते माप ओळखेन.

ती तुझ्याकडे आहे. किती दिवस? दोन वर्षं? म्हणजे मी नाताळात तुला कार्डावर 'कर्स्टीचं काही कळलं का' म्हणून विचारलं, तेव्हा ती तुझ्याच स्वयंपाकघरात बसलेली होती. आणि तू मला मेंढ्यांच्या लोकरीचा भाव लिहिलास.

नाही, मी रागावलेलो नाही. पहिल्यांदा रागावलो होतो, म्हणून हे पत्र चार दिवस उशिरा लिहितोय. मग दुकान बंद केलं आणि साचा खाली काढला. अॅल्युमिनियमचा एक तुकडा मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता, विमानाच्या कामातला, पोलादाला लाजवेल असा. त्यातूनच कोरतोय. कड्यांच्या आतली बाजू मी हातानं घासून घेणार आहे, म्हणजे दुर्बिणीला कुठेच पीळ बसणार नाही. याहून हलके आणि याहून बुटके माउंट तिला कुठेच मिळणार नाहीत.

ती परत रायफल हातात घेतेय, हे वाचून मला किती बरं वाटलं, तुला सांगता येणार नाही. तिला सांग, झालं गेलं विसर. माझ्या मनात काही नाही. मी तिला केव्हाच माफ केलंय. माउंट मी स्वतः घेऊन येतो, ईस्टरनंतर. तिच्यासमोर बसवून देतो. तू फक्त हो म्हण.

तुझा,
डुगल

---

लेक ओहाऊ
२ एप्रिल १९९१

डुगल,

येऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते टेबलावर ठेवलं. आम्ही जेवत होतो. मी म्हटलं, "तुझ्या बापाला कळलंय. मापांवरून ओळखलं त्यानं. चिडू नकोस, पत्र चांगलं आहे. तो म्हणतो, त्यानं तुला माफ केलंय."

"मला?" ती म्हणाली.

तिनं काटा खाली ठेवला आणि हसायला लागली. ते हसणं मला आवडलं नाही. मग ती उठून बाहेर गेली आणि लाकडं फोडत बसली. आमच्याकडे दोन हिवाळ्यांचं सरपण फोडून पडलंय, तरी फोडत होती. आत आली तेव्हा तिच्या तळव्याला फोड आला होता.

"आत्या," ती म्हणाली, "टेरी पाईकच्या रायफलचे स्क्रू कुणी बसवले होते असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, "तू. टेरी गेल्यावर कॉरोनरच्या चौकशीत तसंच ठरलं ना? तूही कधी नाही म्हणाली नाहीस."

"मला कुणी विचारलंच नाही. बाबाला विचारलं. मी मागच्या बाकावर बसले होते. बाबा म्हणाला, माझ्या मुलीनं बसवले, पण दुकान माझं आहे, तेव्हा तिला उभं करू नका, जे बोलायचं ते मला बोला. सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू देवमाणूसच. मला वाटलं, घाबरलाय म्हणून बोलून गेला, संध्याकाळपर्यंत सांगेल."

मग तिनं मला सगळं सांगितलं, डुगल. त्या शुक्रवारी ती दुकानात पुढे गिऱ्हाइकं बघत होती. मागच्या टेबलावर टेरीची रायफल तुझ्या हातात होती. टेरीला त्याच संध्याकाळी डोंगरात निघायचं होतं. तुझा फोन वाजला. तू फोनवर बोलून आलास आणि रायफल पिशवीत घालून त्याच्या हातात दिलीस. मागच्या कडीचे दोन स्क्रू नुसते बोटानं फिरवून ठेवलेले होते. टेरीनं गोळी झाडली ती बोकडाच्या छातीऐवजी पोटात लागली. बोकड घसरत कड्याखाली गेला. जखमी जनावर सोडून परत फिरणारा माणूस नव्हता तो. त्याच्यामागे बर्फावर उतरला. तिसऱ्या दिवशी सापडला, मेलेला.

त्या रात्री कर्स्टीनं तुला विचारलं, "उद्या सांगशील ना?" आणि तू काय म्हणालास ते तुला आठवतंय का? तिला शब्द न् शब्द आठवतो. "तू चोवीस वर्षांची आहेस. तू कुठेही जाशील. मी या वयात कुठे जाऊ?"

दोन वर्षं ती माझ्या घरात राहिली आणि मी तिला स्क्रूड्रायव्हर द्यायला कचरायचे. हे मी केलं, डुगल. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून. बाजारात कुणी तिच्याकडे बघून कुजबुजलं की मी मनात म्हणायचे, पोरगी आहे, चुकली, भोगतेय बिचारी.

मी तिला म्हटलं, आत्ता गाडी काढते, गोरला जाऊन त्याच्या दुकानासमोर ओरडते. ती म्हणाली, "नको. मला त्याचं दुकान बंद करायचं नाही. त्यानं फक्त मर्ल पाईकला खरं सांगावं. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते तिला कळायला हवं. बाकी मला काही नको."

ही तिची अट. माउंट त्यानंतर पाठव. आणि पोस्टानं.

विनी

---

गोर
२० एप्रिल १९९१

विनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात खोटं काही नाही.

मी समर्थन करत नाही. पण तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते एकदा मनाशी विचार. चाळीस वर्षं या गावात माझ्या हातावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. 'डुगल गॅरोनं बसवलंय' म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही. कॉरोनरनं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तिचं नाव कसं निघालं, मला खरंच सांगता येत नाही. निघालं. आणि एकदा निघाल्यावर ते परत घेणं म्हणजे दोनदा मरण. एकदा स्क्रूसाठी, एकदा त्या नावासाठी. मी रोज उद्यावर टाकलं. मग ती निघून गेली, आणि लोकांनी तिच्या जाण्याचा अर्थ लावला.

तिची अट मला मान्य आहे. मर्लला मी पत्र लिहून टाकलंय, परवाच्या टपालानं. कर्स्टीला सांग.

सोबत माउंट आहेत. एकाहत्तर ग्रॅम, स्क्रू धरून. मी आधी काढले त्याहून दोन मिलिमीटर आणखी खाली आणले, आणि तरी तोंडाशी पोस्टकार्ड सरकतं. स्क्रू बसवण्याआधी आट्यांतलं तेल पूर्ण पुसायला सांग. एक इथला, एक तिथला, असे आळीपाळीनं, पाव-पाव फेरा. एकदम एक बाजू आवळायची नाही. पहिल्या वीस गोळ्यांनंतर परत तपासायचे. तिला हे सगळं माझ्याइतकंच माहीत आहे. तरी लिहितो. दुसरं काय लिहू?

डुगल

---

लेक ओहाऊ
१२ जून १९९१

डुगल,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. फोडली नाहीत.

आता जे झालं ते लिहिते. सगळं लिहिते, कारण तुला कुणीतरी सांगायलाच हवं.

तुझं पार्सल आलं तेव्हा कर्स्टीनं ते अर्धा दिवस उघडलं नाही. मग विचारलं, "मर्लला लिहिलं म्हणतो?" मी म्हटलं, "लिहिलंय. हे बघ, त्याच्या हातचं." तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग दिव्याखाली जुनं फडकं पसरलं, आट्यांतलं तेल पुसलं, आणि बसवायला बसली. मी बाजूला भाजी चिरत होते. ती मधेच म्हणाली, "काम बघ याचं, आत्या. काय काम आहे!" आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मान फिरवून कांद्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठी नेम लावला. दोनशे मीटरवर तीन गोळ्या, तिन्ही माझ्या तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत. गाल टाकला की डोळा बरोबर मधोमध. ती म्हणाली, "रायफल हातात आहे असं वाटतच नाही." मे महिन्यात ती पहिल्या तुकडीबरोबर वर गेली. सहा दिवसांनी उतरली ती काळवंडलेली, ओठ फुटलेले, आणि तिनं एका बसण्यात चार अंडी आणि अर्धा पाव संपवला. दोन वर्षांत मी तिला तसं खाताना बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "मी फेअरलीला जाऊन येते. मर्लला आता कळलंय. तिच्याकडे न जाणं बरं दिसत नाही." मी बरोबर येते म्हटलं. ती नको म्हणाली.

मर्ल तिथल्या बेकरीत काम करते. कर्स्टी आत गेली तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मर्लनं तिला ओळखलं. हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "आलीस ते बरं केलंस. तुझे वडील म्हणाले होते, येईल म्हणून."

कर्स्टी म्हणाली, "त्यांचं पत्र मिळालं ना तुम्हाला? एप्रिलमधलं?"

"मिळालं. त्यांची सगळीच मिळतात. दर नाताळला हॅम पाठवतात आणि बरोबर चिठ्ठी. माझ्या मुलीला क्षमा करा म्हणून. एप्रिलमध्ये लिहिलं, मुलगी सापडली, बहिणीकडे आहे, तिला फार पस्तावा झालाय, हे तुमच्या कानावर घालावं असं वाटलं." मर्लनं हात पुसले. "मी प्रयत्न केला, पोरी. खरंच केला. तुझ्या वडिलांकडे बघून केला. पण मला नाही जमत. टेरी तीन दिवस तिथे पडला होता."

कर्स्टीनं तिला सांगायचा प्रयत्न केला. नुसतं "तसं नाहीये, ते स्क्रू मी" एवढंच म्हणाली, तर मर्लनं हात वर केला.

"बापावर ढकलू नकोस," ती म्हणाली. "एवढं तरी करू नकोस. जा आता."

हे सगळं कर्स्टीनं मला चुलीपाशी उभं राहून सांगितलं. कोट काढला नव्हता. रडली नाही.

म्हणजे तू पत्र टाकलं होतंस, डुगल. खोटं बोलला नाहीस. टपालात पत्र पडलं हे खरंच होतं. मी तुझी बहीण, मलाही सुचलं नाही की आत काय लिहिलंस ते विचारावं. ती माझ्या शब्दावर फेअरलीला गेली. मी तिला म्हटलं होतं, "लिहिलंय. त्याच्या हातचं." हे तिनं मला एका शब्दानं ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी ती गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर एका तुकडीत माणूस हवा होता. कुठे, कुणाबरोबर, ते तुला सांगणार नाही. खरं तर मलाही पूर्ण सांगितलं नाही. दारात म्हणाली, "तू वाईट नाहीस, आत्या. पण तुझ्या घरात त्याचं अक्षर येतं."

रायफल तिनं नेली. तुझे माउंटही त्यावरच आहेत. मी म्हटलं, काढून फेकून दे. ती म्हणाली, "दुसरं काही बसतच नाही यावर." खरंच आहे. बाबांनी भोकं तशीच पाडून ठेवलीत.

मला पुन्हा लिहू नकोस.

विनी

---

गोर
११ ऑगस्ट १९९१

विनी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एक वाच. मग चुलीत घाल.

जुलैत मी फेअरलीला गेलो. बसनं गेलो, कारण गुडघ्यामुळे एवढं अंतर गाडी हाकवत नाही. बेकरीत जाऊन मर्लसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फोन, टेबल, बोटानं फिरवलेले स्क्रू, कॉरोनर, कर्स्टीचं नाव, एप्रिलमधलं पत्र. काही वगळलं नाही. वाटेत पाठच केलं होतं.

मला वाटलं होतं ती मला मारेल. मी त्यासाठी टोपी काढून ठेवली होती. ती काउंटरच्या बाहेर आली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"डुगल," ती म्हणाली, "ती इथे येऊन गेली. तेव्हाच मला वाटलं होतं, आता तुमच्यामागे लागेल. तिनं तुम्हाला हे सांगायला लावलं ना?"

मी म्हटलं, "नाही मर्ल. हे खरं आहे."

"बापाचं काळीज आहे तुमचं," ती म्हणाली. "पण ती मोठी झालीय. तिच्यासाठी खोटं बोलू नका. टेरीलासुद्धा आवडलं नसतं." आणि तिनं मला वाटेत खायला मटण भरलेला पाव बांधून दिला.

इथे येऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथला माणूस भला आहे, टेरीला शोधायला तोही गेला होता. त्यानं मला बसवलं, चहा दिला. म्हणाला, "गॅरो, फाईल बंद झालीय. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. माझ्याही दोन मुली आहेत." मी म्हटलं, लिहून घ्या. त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. त्यानं कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

मग मी इथल्या पेपरात चार ओळी छापून आणल्या. साध्या, सरळ, कुणालाही कळतील अशा. टेरी पाईकच्या रायफलवरचे माउंट मी बसवले होते, माझ्या मुलीनं नाही, आणि मी चौकशीत खोटं बोललो. खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी दुकानात नऊ लोक आले. मी पाटी काढायच्या तयारीनं बसलो होतो. नऊही जणांनी हात मिळवला. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. म्हणाला, "पोरीला परत आणायला माणूस काय काय करतो." त्या आठवड्यात दुर्बिणी बसवायला सहा रायफली आल्या. इतकं काम हिवाळ्यात कधीच नसतं. मी एकेकाला सांगत होतो. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि रायफल टेबलावर ठेवून जायचे.

काल शिकाऱ्यांच्या क्लबचं वार्षिक जेवण होतं. मला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. अध्यक्ष माझ्याबद्दल बोलले. बाप काय असतो, माणुसकी काय असते, असं बरंच. मी उभा राहिलो. म्हटलं, "ऐका. ते मी केलं होतं. तिनं नाही. ती दोन वर्षं माझ्यासाठी तोंड मिटून राहिली."

सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. किती वेळ वाजवत होते. मी थांबा थांबा म्हणत होतो, तर आणखी वाजवत होते.

मग त्यांनी मला मटण वाढलं, आणि मी बसून ते खाल्लं.

डुगल